मोजायचं आणि मापायचं

३ मे

लेकाला, विश्वजीतला, पतसंस्थेनं जानेवारीत डायरी दिली. त्यानं तिच्यात एकच ओळ लिहिली, गाडीचं ऑइल कधी बदललं ती. बाकी सगळी कोरी. असला गुळगुळीत कागद वाया घालवायचा म्हणजे पाप. नातीला, सायलीला म्हणलं, सुट्टी आहे, लिही काहीतरी. तर म्हणाली, "आज्जी, तूच लिही की. तुला बोलायला माणसं पुरत न्हाईत." पोरगी माझ्यावर गेली आहे.

तर लिहिते. चौथी शिकले आहे. गुरुजी म्हणायचे, गिताचं अक्षर सरळ, जीभ तिरकी. अक्षर अजून सरळ आहे.

घरात बातमी अशी, की सुनेला नोकरी लागायची चिन्हं आहेत. लागली नाही अजून. शिरूरच्या एका इंग्रजी शाळेनं तिला वीस तारखेला बोलावलंय. पंचवीस मिनिटं शिकवून दाखवायचं, साहेबलोक मागं बसून बघणार. त्याला डेमो म्हणतात. काय शिकवायचं तेही त्यांनीच दिलंय, काउंटेबल आणि अनकाउंटेबल नाऊन.

सून अनुपमा बी.ए. बी.एड. आहे, इंग्रजी घेऊन. लग्न होऊन आली तेव्हाच शिक्रापूरच्या शाळेतनं बोलावणं आलं होतं. मी म्हणलं, आधी घर शिक, मग लोकांची पोरं शिकव. त्याला बारा वर्षं झाली. घर तिला पहिल्या सहा महिन्यांतच आलं होतं. दोन शेळ्या, कंपनीतल्या भाडेकऱ्यांच्या सहा खोल्या, सगळं बघते. शिकून झालं, आता जा, असं सांगायचं माझ्याकडनं राहून गेलं असेल.

विश्वजीत जेवताना म्हणाला, "ह्या बारीला न्हाई झालं तर परत विषय काढायचा न्हाई, अनु. वय बसत न्हाई आता."

ती म्हणाली, "हं."

सगळ्याला हंच म्हणते. स्वभावानं गरीब आहे. मला गरीब माणसांचा कंटाळा येतो.

४ मे

शेंगा फोडताना तिला विचारलं, "काय गं, ते काउंटेबल म्हंजी काय?"

जमिनीकडं बघत म्हणाली, "एक, दोन, तीन असं मोजता येतं ते काउंटेबल. न्हाई येत ते अनकाउंटेबल. पुस्तक मोजता येतं, पाणी येत न्हाई."

"पाणी हंड्यानं मोजतोच की आपण. चार हंडे."

"मग तो हंडा मोजला, आत्या. पाणी न्हाई मोजलं."

बरोबर होतं. पटलं तर पटलं म्हणावं. मी म्हणलं, "मग सरळ सांग की पोरांना. काही मोजायचं असतं, काही मापायचं असतं. अंडी मोजायची, पीठ मापायचं. येवढं बी.एड. कशाला लागतंय त्याला?"

तिनं वर बघितलं आणि वही ओढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनीच लिहून घेतलं होतं, तेही तक्रार म्हणून.

७ मे

पांढरा फळा आणलाय. पडवीत खिळ्याला अडकवला. आता रोज साडेचारला सराव. विद्यार्थी तीन. सायली, चार नंबर खोलीतली पूनम (बिहारची, नवरा कंपनीत, हिला मराठी अर्धं येतं आणि इंग्रजी शिकायची हौस फार), आणि मी. मी खुर्ची टाकून अगदी पुढं बसले, फळ्यापासून दोन हातांवर. बाईमाणसाला शिकवताना समोर घरचं मोठं कुणी असलं की धीर येतो.

पण आज काय जमलं नाही. सुरुवात बरी केली आणि मग अडकली. मच कुठं लावायचं आणि मेनी कुठं लावायचं याची हिनंच अदलाबदल केली. मोजायचं असलं की मेनी, मापायचं असलं की मच, हे मला आत्ता, साठी उलटून गेल्यावर, एका दुपारीत पाठ झालं. ही बी.एड.

मी म्हणलं, "मोठ्यानं बोल की. घशात काय माशी गेली का?"

मग आवाज होता तेवढाही गेला.

घसा धरतो तिचा, दुसरं काही नाही. उद्या ज्येष्ठमध आणते.

८ मे

ज्येष्ठमध दिलं. मी समोर उभी राहून चघळायला लावलं. घशाला म्हणावा तसा गुण नाही. मी समोर बसले तसा परत चिकटला.

पण मधे पाणी प्यायला ती आत गेली, तिच्यामागं मीही गेले, तेव्हा ओट्यापाशी नीट बोलली. मी पाठमोरी कांदा चिरत होते. तिनं गंमत सांगितली की इंग्रजीत कोंबडी पळते तोवर मोजायची, एक कोंबडी, दोन कोंबड्या. शिजली की मोजायची नाही. मग ती नुसती चिकन. मी हसले. म्हणलं, "खरंय की. रस्सा झाल्यावर कोण इचारतंय कुणाची तंगडी."

तर म्हणाली, "केसांचं त्याहून भारी हाय, आत्या. डोक्यावरचे केस मोजत न्हाईत. हेअर, संपलं. पण भाजीत एखादा निघाला तर तो मोजतात. अ हेअर."

म्हणजे जागच्या जागी आहे तोवर त्याला कुणी विचारत नाही. जिथं नको तिथं दिसला, की एक झाला. इंग्रज लोक खडूस असणार, पण डोळे उघडे ठेवून बोलतात.

अजून एक सांगितलं. वर्क मोजत नाहीत. हाउसवर्क तर नाहीच नाही. पण जॉब मोजतात. एक जॉब, दोन जॉब. म्हणलं, "मग तू त्या मोजायच्या रांगेत जायाला बघतीयास व्हय." तिनं फोडणीत मोहरी टाकली.

९ मे

उद्या पाटसला. लेकीच्या दिराच्या पोरीचं लग्न आहे. चार दिवस तिकडंच. जाताना अनुपमाला बजावलं, सराव चुकवायचा नाही आणि ज्येष्ठमध सोडायचं नाही. पुडी डब्यावर ठेवली आहे.

१३ मे

आले आज. चौफुल्याला हायवेच्या गाडीतनं उतरले, पुढं दोन गाड्या बदलल्या, कंबर मोडली.

लग्न झकास झालं. कारखान्याच्या मैदानावर मांडव होता. एक गोष्ट मात्र खटकली. पंगतीत माझ्या शेजारी लेकीची धाकटी जाऊ बसली होती. समोरच्या एका बाईनं जिलबी घेतली तशी ही म्हणती कशी, "अगं बया, पाचवी!" मी तिथंच झापलं. म्हणलं, "जेवणाऱ्याच्या ताटातलं मोजू नये. आईनं शिकवलं न्हाई का?" गप्प बसली. आजकाल रीतच कुणाला राहिली नाही. आमच्याकडं धान्य मापतानासुद्धा पहिल्या मापट्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मोजण्यालाही मर्यादा असते.

घरी आले तर सायली नाचत आली. "आज्जी, मम्मी कसली भारी शिकवती! काल पाच नंबरचे दोघं पण येऊन बसले. मम्मीनं डब्यांची शाळा केली. मोजायचे डबे इकडं, मापायचे तिकडं. सगळे हसत होते."

पूनम म्हणाली, "भाभी तो बिलकुल टीचर लगती है, माँजी. आवाज इतना खुला खुला!"

ज्येष्ठमधाचा गुण चार दिवसांनी येतो तर.

१४ मे

आज मी परत पुढं खुर्ची टाकली. पाच नंबरवाले दोघंही आले होते. अनुपमा उभी राहिली, माझ्याकडं बघितलं, आणि ती डब्यांची शाळा बिळा काही निघाली नाही. साखरेच्या डब्याला मेनी म्हणाली. मी "मच! मच!" म्हणून सांगितलं, मदत म्हणूनच. तर तिच्या हातातलं मार्कर पडलं. पोरं उठून गेली.

पुडी बघितली तर संपलेली. म्हणजे दोन दिवस हिनं ज्येष्ठमध घेतलंच नसणार. चिडले मी. सहा दिवस राहिलेत आणि हिला स्वतःच्या घशाची काळजी नाही.

१५ मे

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण मला त्याचा अर्थ अजून लागत नाही.

दुपारी ती वहीत धड्याचे शब्द काढत होती. मी भाकरी थापत होते. म्हणाली, "आत्या, काउंटेबलसाठी पोरांना रोजचा शब्द पायजे. भाकरी घेऊ का? वन भाकरी, टू भाकरीज. हाउ मेनी भाकरीज?"

मी म्हणलं, "भाकरी मोजत न्हाईत. दुसरं काय पण घे. टोपली मोज. खाणाऱ्याची भाकरी मोजायची नसते, आपल्या घरात कवा मोजली न्हाई."

तिनं पेन खाली ठेवलं. खाली बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं, आणि हळू म्हणाली, "मोजल्या होत्या तुम्ही. माझ्या. लग्नानंतर चौथ्या दिवशी."

"काय बोलतीस?"

"पाटसच्या ताई होत्या, त्यांच्या सासूबाई होत्या, जाऊबाई होत्या. सगळे जेवत होते. मी तिसरी घेतली. तुम्ही म्हणाला, तिसरी? नव्या नवरीचं पोट हाय का कणगी?"

तवा तापून धूर निघायला लागला होता. मी भाकरी टाकली. ती उठून शेळ्यांकडं गेली.

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी दिवसात शंभर बोलते, त्यातलं कुठलं कुणाच्या पोटात जाऊन बसेल हे मला कसं कळणार?

आज सराव झाला नाही.

१६ मे

विश्वजीतला विचारलं. तो बूट घालत होता, दुपारच्या पाळीला निघाला होता. म्हणलं, "खरं सांग. मी असं म्हणाले होते?"

"व्हय."

"तुला आठवतंय?"

"आई, सगळ्यांना आठवतंय. अनु तवापासनं दोनच खाती."

"पोट बारीक हाय तिचं."

"माहेरी गेली की चार खाती," म्हणाला आणि दुसरा बूट घातला.

"मग तू तवा बोलला का न्हाईस?"

"तुझ्यापुढं?" असं म्हणून गाडीला किक मारली.

बारा वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या सुनेचं खाणं चिमणीएवढं. कौतुकानं सांगत होते. पाटसच्या मांडवात त्या जावेला मी काय काय बोलले, ते आज आठवून कान तापले. ती मनात काय म्हणाली असेल? ती तर त्या दिवशी आमच्याकडं पंगतीला होतीच.

रडले बिडले नाही. रडून काय होतं? कडधान्याला ऊन दाखवलं, खोल्यांच्या मागचं गवत काढलं. दुपारी मात्र जेवण गेलं नाही. ते उन्हामुळंही असेल.

साडेचारला खुर्ची उचलली आणि मागं शेळ्यांपाशी नेऊन टाकली. सायली म्हणाली, "आज्जी, इथं?" म्हणलं, "त्या मार्करच्या वासानं डोकं चढतंय माझं."

पडवीतनं आवाज येत होता. आधी बारीक, मग जरा मोठा. नंतर सगळी हसली. कशाला ते ऐकू आलं नाही.

१८ मे

शाळेतनं फोन. सुट्टी असल्यामुळं वर्गात मुलं नसतील, आमचे दोघंतिघं बसतील, तुम्हीही घरचे दोनतीन जण आणा, मोठे असले तरी चालतील. पूनम येणार होती. तर तिच्या पोराला ताप आला. विश्वजीतला रजा नाही. सायली एकटी राहिली.

संध्याकाळी अनुपमा दारात उभी राहिली. "आत्या, तुम्ही येता का?"

मी म्हणलं, "मला नको नेऊ. मी समोर असले की तुझा घसा बसतो. ज्येष्ठमधानं जायचा न्हाई तो."

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. दोन दिवस डोक्यात घोळत होतं, तोंडातनं बाहेर पडलं.

ती चौकटीचा रंग नखानं खरवडत होती. मग म्हणाली, "या तुम्ही."

"नापास झालीस तर माझ्या डोक्यावर खापर."

"फोडीन की," म्हणाली.

असं उत्तर हिनं मला कधी दिलं नव्हतं. मी वर बघेपर्यंत आत गेली.

२० मे

सविस्तर लिहिते. पाय दुखतायत, पण लिहिते.

नऊच्या एसटीनं शिरूर. तिनं निळी साडी नेसली होती. गाडीत तिचे ओठ हलत होते. शाळा मोठी, फरशी गुळगुळीत, मी चप्पल हातात घेऊन चालले. पाचवीच्या वर्गात बसवलं. विद्यार्थी म्हणजे शाळेचा शिपाई, बसचा ड्रायव्हर, ऑफिसातली स्वीटी नावाची पोरगी, आमची सायली आणि मी. बाक एवढा बुटका की गुडघे हनुवटीला लागत होते. मागं तीन माणसं कागद घेऊन बसली. त्यांच्यातले मोठे म्हणजे शमुवेल सर, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला.

मी मागच्या बाकाकडं निघाले होते. सर म्हणाले, "आजी, पुढं या, पुढं या. मागं आम्ही आहोत." झालं. परत फळ्यापासून दोन हातांवर.

अनुपमानं "गुड मॉर्निंग" केलं. फळ्यावर दोन रकाने काढले. बोलायला लागली, आणि तीन वाक्यांतच तो घसा. मला दिसला. मी मान खाली घातली. बाकावर कुणी पोरानं कर्कटकानं कमळ कोरलं होतं, त्याच्या पाकळ्यांवर बोट फिरवत राहिले. मनात म्हणलं, आता हिला शिरूरपासनं घरी सणसवाडीपर्यंत घेऊन जायचं आहे, गाडीत काय बोलायचं? मागं एका कागदावर पेन चाललेलं ऐकू येत होतं.

मग आवाज आला, "गिताबाई, स्टँड अप."

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं! आमच्याकडं उखाण्यातसुद्धा नवऱ्याचं घेतात, सासूचं कुणी घेत नाही. सायलीनं तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. मी वर बघितलं, तर ती सरळ माझ्याकडं बघत होती. पांढरी पडली होती, पण बघत होती.

मी उभी राहिले. बाई सांगतात तर उभं राहायला नको?

"गिताबाई, इन युवर हाउस, हाउ मेनी हेन्स?"

"दोन शेळ्या हायत, बाई. कोंबड्या न्हाईत."

सगळी हसली. ती पण. "गोट्स. टू गोट्स. काउंटेबल. आणि शेळीचं दूध?"

"मापायचं. मच."

"गुड. आता टोपलीत भाकरी आहेत. हाउ मेनी भाकरीज?"

मला आधी वाटलं ती चुकली. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. चुकली नव्हती. मागं तिघं, पुढं शिपाई, ड्रायव्हर, सगळे वाट बघत होते.

मी म्हणलं, "इंग्रजीत मोजत असतील, बाई. आमच्या घरात एकदा मोजल्या होत्या. ती चूक झाली. आता मोजत न्हाईत."

एवढंच बोलले. शिपायाला वाटलं म्हातारीला प्रश्न कळला नाही, तो हळूच म्हणाला, "आज्जी, आकडा सांगा आकडा."

अनुपमा फळ्याकडं वळली. भाकरी हा एवढासा शब्द लिहायला तिला फार वेळ लागला. मग वळली आणि म्हणाली, "सिट डाउन, गिताबाई. उत्तर चूक आहे. इंग्लिश क्लासमध्ये भाकरी मोजतात. भाकरी काउंटेबल, पीठ अनकाउंटेबल. परत एकदा म्हणा सगळे."

सगळ्यांनी म्हणलं. मी पण.

त्यानंतर ती थांबलीच नाही. पळती कोंबडी काढली, शिजलेली काढली. भाजीतला केस काढला तेव्हा शमुवेल सर मागनं मोठ्यानं हसले. ड्रायव्हर विचारत होता, मॅडम, ट्रॅफिक काय, मोजायचं का मापायचं? ती म्हणाली, गाड्या मोजा, ट्रॅफिक सोसा. पंचवीसची पस्तीस मिनिटं झाली. कुणी घड्याळ दाखवलं नाही.

निघताना सर मला म्हणाले, "आजी, तुम्ही कोण मॅडमच्या?"

मी म्हणलं, "विद्यार्थी."

एसटीत ती खिडकीशी बसली. शिक्रापूर मागं पडलं. मग म्हणाली, "नाव घेतलं म्हणून राग आला का?"

"उत्तर चूक म्हणालीस, त्याचा आला," मी म्हणलं.

घरी आल्यावर तिनं चहा केला. माझा साखर घालून, मला आवडतो तसा.

२७ मे

शाळेतनं फोन आला. घेतलं तिला. सोळा जूनपासून. पाचवी आणि सहावी.

फोन ठेवून ती पडवीत आली आणि नुसती उभी राहिली. विश्वजीतनं पेढे आणले. मी सगळ्या खोल्यांना वाटले. पूनमनं माझ्याच पाया पडायला सुरुवात केली, मी म्हणलं, माझ्या नाही, तिच्या पड, मला काय, मी नापास आहे.

रात्रीच्या स्वयंपाकाला मी बसले. तिला म्हणलं, गरम आहेत तोवर जेव. टोपली तिच्या हातापाशी ठेवली आणि मी माझं ताट घेऊन पडवीत आले. हवा बरी होती बाहेर.

१७ जून

कालपासून घरात मी, दोन शेळ्या आणि मिक्सर. सकाळी पाचला उठून डबा मी करते. ती साडेसातला जाते, साडेपाचला येते. आल्यावर थकलेली असते, पण बोलते. कुठल्या पोरानं वहीत काय लिहिलं, कुणी फर्निचर्स म्हणलं, कुणी होमवर्क्स म्हणलं. मी म्हणलं, होमवर्क जास्त दिलास तर पोरं मोजणारच की.

२१ जून

आज आमचं भांडण झालं.

नीट लिहून ठेवते, कारण असलं भांडण या घरात ते गेल्यापासून, म्हणजे सायलीचा आजा गेल्यापासून, झालं नव्हतं. त्यांच्यानंतर मी एकटीच भांडत होते. समोरचं कुणी बोलत नसलं तर त्याला भांडण म्हणत नाहीत.

ती आली, डबा ओट्यावर आपटला. म्हणाली, "आत्या, भाजी करपली होती."

मी म्हणलं, "खाल्लीस ना?"

"खाल्ली! स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर काळी वांगी खाल्ली! फोनवर मालिका बघत स्वयंपाक करता तुम्ही, मला सायलीनं सांगितलंय!"

"पाचला उठती मी तुझ्यासाठी!"

"मी बारा वर्षं उठले! कवा म्हणाले का?"

"मग म्हणायचं हुतंस! तोंड न्हवतं का तुला?"

"तुम्ही बोलू दिलं असतं तर असतं ना!"

मग सुटलीच. शिक्रापूरची शाळा काढली. लग्नात तिच्या भावाला मी शेवटच्या पंगतीला बसवलं, ते काढलं. पहिल्या दिवाळीची हिरवी साडी काढली, जी मला वाटलं होतं तिला आवडली. सायलीच्या वेळी माहेरी महिनाभर जास्त राहिली, तेव्हा मी निरोप काय पाठवला होता, ते शब्दन्शब्द म्हणून दाखवलं, माझ्याच आवाजात. नक्कल चांगली करते. मी पण सोडलं नाही. तिच्या आईनं बारशाला आणलेली ती फाटकी बाळंतविड्याची पिशवी मी काढली. तिचं सगळ्याला ते हं म्हणणं काढलं. म्हणलं, बारा वर्षं भिंतीशी बोलतीय असं वाटायचं मला, त्याचं काय?

खोल्यांतली माणसं बाहेर आली. पूनमनं पोराला आत ओढलं आणि स्वतः बाहेर राहिली. विश्वजीत पाळी सुटून आला होता, तो हेल्मेट न काढता फाटकापाशीच उभा. सायली मात्र पायरीवर बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती.

अर्धा तास झाला असेल. मग दोघींचाही दम संपला. ती ओट्याला टेकली, मी उंबऱ्यावर बसले. तिनं विचारलं, "चहा?" मी म्हणलं, "टाक." विश्वजीतनं हेल्मेट काढलं.

पूनम नंतर सांगत होती, भाभीचा आवाज सहा नंबरपर्यंत आला. म्हणजे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असणार. ते बरं झालं.

भाजीचं तिचं खरं होतं. पण शेवटी ती म्हणाली की मी तिच्या भावाला शेवटच्या पंगतीला मुद्दाम बसवलं, ते खोटं आहे, तो उशिरा आला होता. ते आज सांगायचं राहिलं. उद्या रविवार, ती दिवसभर घरी आहे.